बावीस इंच छातीचे पोलीस

माझ्या मुलीचं लग्न जमत होतं. बदलापूरची मंडळी आमच्या डोंबिवलीच्या घरी आलेली. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलीचे वडील कुठे असतात?" मी आतल्या खोलीत शर्ट बदलत होतो. बायको सहज म्हणाली, "हे? हे एकवीस वर्षं जेलमध्ये आहेत."

मी अर्धी बटनं लावून धावत आलो आणि "नोकरीला! नोकरीला!" असं ओरडलो. मामा "हो का, बरं बरं" म्हणाले, पण त्यांनी पाय जवळ ओढून घेतले ते घेतलेच. लग्न झालं, आता नातही आहे. तरी व्याह्यांच्या घरी कोणी पाहुणा आला की माझी ओळख "हे आमचे जेलवाले व्याही" अशीच होते.

माझं पद शिवणकाम निदेशक. म्हणजे तुरुंगातल्या कारखान्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना शिलाई शिकवायची आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. मी शहाडच्या चाळीत वाढलो. आयटीआयला कटिंग-टेलरिंग केलं आणि टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात नवरात्रीचे घागरे शिवत चार वर्षं काढली. मग सरकारी जाहिरात निघाली. वडील म्हणाले, "सरकारी आहे ना? मग जेल असो नाहीतर मंत्रालय." दुकानात मला मास्तर म्हणायचे, तुरुंगातही मास्तरच म्हणू लागले. फरक एवढाच की दुकानातली गिऱ्हाईकं कपडे वेळेवर न्यायला यायची नाहीत, आणि इथली माणसं कुठे जायची नाहीत.

आमचा तुरुंग कुठला ते लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत आणि बरीच अजून आत आहेत.

बाहेरच्या लोकांना वाटतं, तुरुंगात कात्री कशी देतात? देतात. पण ती साखळीने टेबलाला बांधलेली असते. सुई मोडली तर तिचे दोन्ही तुकडे दाखवल्याशिवाय नवी मिळत नाही. संध्याकाळी पाचला कात्र्या, सुया, टेप, खडू सगळं मोजून कपाटात, मग माणसं मोजून बॅरॅकमध्ये. माणसांच्या मोजणीला गिनती म्हणतात. तीस माणसं मोजायला पाच मिनिटं लागतात आणि सुया मोजायला वीस.

आता त्या बारा पोलिसांबद्दल सांगतो.

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर आपटे बाई राहतात. डोंबिवलीतच एका बालवाडीत शिकवतात. दिवाळीच्या आधी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "अहो सोनवणे, डिसेंबरात आमचं गॅदरिंग आहे. मी चोर-पोलीस नाटक बसवतेय. बारा पोलीस, बारा चोर. भाड्याचे ड्रेस नेहमी घाण असतात हो, मागच्या वर्षी सशाच्या कानात झुरळ निघालं. तुमच्या तिकडे शिवून मिळतील का?"

मिळतील म्हणजे काय! आमच्याकडे तेव्हा काम आटलं होतं. मशीन बंद असलं की माणसं एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसतात. बाहेरची ऑर्डर घ्यायची परवानगी होतीच. मी खुशीत अर्ज लिहिला आणि कारखान्याचे तुरुंगाधिकारी घोरपडे साहेब यांच्यापुढे ठेवला.

घोरपडे साहेब चाळिशीचे, सरळ, आणि नियमाला इतके पक्के की स्वतःच्या रजेच्या अर्जावर स्वतःच हरकत घेतील. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"सोनवणे, हे काय? पोलिसांचा गणवेश? कैद्यांच्या हातात?"

"साहेब, छाती फार तर बावीस इंच."

"नियमात इंच लिहिलेले नाहीत. उद्या कोणी तो घालून गेटमधून चालत गेला तर?"

"साहेब, तो एका बाहीत अडकेल."

ते हसले नाहीत. पण काम नाही हे त्यांनाही दिसत होतं. शेवटी परवानगी मिळाली, अट घालून: खाकी कपडा रोज संध्याकाळी नगाप्रमाणे मोजून कुलपात ठेवायचा, किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. चोरांच्या कपड्यांबद्दल अट नव्हती. त्यामुळे रोज पाच वाजता आमचे पोलीस कुलपात जायचे आणि चोर टेबलावर मोकळे राहायचे.

पहिला वाद चोरांवरूनच झाला. बाईंनी चित्र काढून दिलं होतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं बनियन, डोळ्यांवर काळी पट्टी, पाठीवर पोतं. ते मी टेबलावर ठेवलं आणि सगळे जमले. त्यात सुहासराव होते. पंचावन्नचे, शुद्ध बोलणारे, दुपारच्या घरफोड्या ही त्यांची खासियत. त्यांना आत सगळेच सुहासराव म्हणायचे, हवालदारसुद्धा.

त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "मास्तर, हा कोण?"

"चोर."

"मी अठरा वर्षं या लायनीत आहे. असा माणूस मी पाहिलेला नाही. हा डोंबिवलीत शिरला तर लोक पकडणार नाहीत, सेल्फी काढतील."

"मग चोर कसा असतो?" कोणीतरी विचारलं.

"इस्त्रीचा शर्ट. खिशाला पेन. हातात फाईल. मला वॉचमनने दोनदा सलाम केलाय." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुम्ही डोंबिवलीला कुठल्या बिल्डिंगमध्ये राहता?"

ते मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

"सुहासराव, गिऱ्हाईक मागेल ते शिवायचं," मी म्हणालो.

"गिऱ्हाईक चुकत असलं तरी?"

"तरी."

त्यांनी नाराजीनेच बारा काळ्या पट्ट्या शिवल्या. पण पोरांच्या डोळ्यांना टोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलं. मी सांगितलं नव्हतं.

खरी पंचाईत मापांची. बाईंनी जो कागद दिला त्यावर माप म्हणून लिहिलं होतं: "मोठे आठ, मध्यम दहा, नाजूक सहा." शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली, पोरं मामाच्या गावाला. कापड तर कापायला हवं. आमच्याकडे महिला विभाग नव्हता, म्हणजे आईबरोबर आत राहणारी लहान मुलंही नाहीत. सगळ्या तुरुंगात पाच वर्षांचं एकही माणूस नाही.

मी विचारलं, "पाच वर्षांचं पोर साधारण केवढं असतं रे?"

मग भोईरने हात पुढे केला. पांडुरंग भोईर, कल्याणपलीकडच्या एका गावचा, आगरी. बांधावरून चुलतभावाशी भांडण, हातात फावडं होतं, ते मारलं, भाऊ गेला. जन्मठेप. हाताचे पंजे असे की शिलाईच्या पहिल्या आठवड्यात त्याने सात सुया मोडलेल्या. "मास्तर, मना ह्या जमाचा नाय," म्हणायचा. मग एकदा मी त्याला हाताने काज करायला दिलं. काज म्हणजे बटन घालायचं भोक, त्याच्या कडा दोऱ्याने बांधतात. त्या पंज्यातून असं काही बारीक काम उतरलं की मी ते काज खिशात घालून घरी बायकोला दाखवायला नेलं. तेव्हापासून काज-बटन खातं त्याचं.

तर भोईरने हात पुढे केला, मांडीच्या वर, कमरेच्या जरा खाली, आणि तिथेच धरला. "माझी पोर एवरी व्हती," म्हणाला.

ते बघून दुसऱ्याने हात धरला. तिसऱ्याने. बघता बघता दहा-बारा माणसं हवेत तळहात धरून उभी. प्रत्येकाचं पोर तो आत आला तेव्हा जेवढं होतं, तेवढंच. भोईरची मुलगी आता वीस वर्षांची, माघात लग्न ठरलेलं, पण हात कमरेच्या खालीच. हवालदार मोरे दारात उभे होते, ते म्हणाले, "काय रे, कवायत चाललीय का?" कोणी हात खाली घेतला नाही.

मला दुसरं काही सुचेना. मी टेप घेतला आणि एकेकाच्या तळहातापासून जमिनीपर्यंत माप घेत गेलो. एकोणचाळीस, एक्केचाळीस, छत्तीस. लगेच भांडणं. "छत्तीस? हे काय पोर हाय का मांजर?" "माझा लहान होता, तुला काय करायचंय?" एक जण म्हणाला, त्याचा मुलगा साडेचार फूट. चौकशी केली तर तो मुलगा मुलाखतीला, म्हणजे बापाला भेटायला येतो, नववीत आहे. त्याला बाजूला बसवलं.

सगळी मापं मांडून मी मधलं धरलं, आणि आत माया जास्त सोडायला सांगितली. माया म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की उसवून कपडा मोठा करता येतो. साधारण अर्धा-पाऊण इंच पुरते. भोईरने दोन इंच सोडली. मी म्हणालो, "अरे, पोर आहे, तंबू नाही." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. पोरा लवकर वारतान."

तीन आठवड्यांत कपडे तयार झाले. बारा खाकी शर्ट, खांद्यावर पट्टी, छातीवर दोन खिसे. भोईरचं काज बघून मोरे हवालदार स्वतःच्या शर्टाची बटनं झाकू लागले. फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलेला.

त्या दिवशी पाच वाजता मी शर्ट मोजले. अकरा.

पुन्हा मोजले. अकरा. मोरेंनी मोजले. अकरा. ते म्हणाले, "मास्तर, एक पोलीस कमी आहे."

घोरपडे साहेब चारलाच निघालेले. ते खोपटला भाड्याने राहायचे. त्यांना फोन लावला तर कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग वरिष्ठ तुरुंगाधिकारी आले आणि सगळं थांबलं. बॅरॅकची झडती सुरू झाली. उशा, चादरी, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळं. झडतीत सापडलं काय? बिड्यांची बंडलं, एक फुटका आरसा, आणि खोक्यात कापसावर झोपवलेलं खारीचं पिल्लू. शर्ट नाही. कोणीतरी विचारलं, "हा शर्ट घालून पळू शकेल असा सगळ्यात लहान कैदी कोण?" मोरेंनी गंभीरपणे सांगितलं, "सर, आपल्याकडे कमीत कमी उंची पाच फूट एक."

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं, कारण वरिष्ठांचा पुढचा प्रश्न मला होता.

"सोनवणे, शर्ट शेवटी कोणाच्या हातात होता?"

"भोईरच्या. बटनं तपासत होता."

इथपर्यंत ठीक होतं. पण मी घाबरलेलो. नोकरीची सहा वर्षं राहिलेली. मी पुढे बोललो, "दुपारी मी पाहिलं, तो शर्ट छातीशी धरून बसला होता."

हे सांगायची काही गरज नव्हती. खरं होतं, पण गरज नव्हती.

भोईरला विचारलं तर म्हणाला, "मी टेबलावर ठेवला." बस्स. त्याला वेगळ्या कोठडीत नेलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला घरी जाताना आठवलं की मुलीच्या लग्नासाठी त्याने फर्लोचा, म्हणजे सुट्टीवर घरी जाण्याचा अर्ज केलाय. एक शिक्षा नावावर लागली की तो अर्ज गेला. बायकोने भाकरी वाढली. मी विचारलं, "एखाद्याने खरं सांगितलं आणि तरी चूक केली, असं होतं का गं?" ती म्हणाली, "तुमच्या बाबतीत काहीही होतं. जेवा."

सकाळी नऊला मी कपाट उघडलं. खाकी शर्ट मोजले.

बारा.

किल्ल्या दोनच, एक माझ्या खिशात. मी शर्ट एकेक करून पाहिले. नवव्या शर्टाच्या कॉलरला तपकिरी डाग. वास घेतला. चॉकलेट.

शर्ट घेऊन मी घोरपडे साहेबांच्या खोलीत गेलो. ते टेबलावर आदल्या दिवसाचा अहवाल उघडून बसलेले, चेहरा उतरलेला. मी काही न बोलता कॉलर त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी डागावर अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. मला वाटलं, मापं हवेतून काढलीत, एकदा खऱ्या पोराला घालून बघावं. सकाळी परत आणून ठेवायचा. तुम्ही स्टोअरला गेला होता, माणसं चहाला उठलेली, टेबलावरून उचलला आणि डब्याच्या पिशवीत टाकला."

"फोन, साहेब?"

"तो फोनवर गेम खेळत होता. शर्ट घालून. कॉल आला की लाल बटन दाबायचा. नंतर शर्ट काढायला तयार नाही, त्यातच झोपला." त्यांनी कपाळ चोळलं. "आज आल्यावर आधी शर्ट कपाटात ठेवला. मग हा कागद वाचला."

ज्या माणसाने पोलिसाचा गणवेश बाहेर जाईल म्हणून अट घातली, तोच तो डब्याच्या पिशवीतून गेटबाहेर घेऊन गेलेला. दुसरी वेळ असती तर मी हसून लोळलो असतो.

"साहेब, भोईर काल संध्याकाळपासून कोठडीत आहे."

"माहीत आहे."

"त्याच्या मुलीचं लग्न आहे."

मला त्यांचं मन दिसत होतं, कारण काल माझंही तेच झालेलं. शर्ट सापडला, मोजणीत चूक झाली, एवढं लिहिलं तर कोणाचंच फार बिघडत नव्हतं. चूक माझ्या माथी आली असती एवढंच. मी म्हणालोही, "साहेब, मोजण्यात माझी चूक झाली असं लिहितो हवं तर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच देऊ केली. "सोनवणे, तुम्ही अकरा बरोबर मोजले. चूक का लिहिता?" आणि पेन उघडून त्यांनी लिहिलं: 'सदर शर्ट मी स्वतः, परवानगीशिवाय, माप तपासण्याकरिता कारागृहाबाहेर नेला होता. बंदी पांडुरंग भोईर याचा यात काहीही दोष नाही.' सही केली. खाली स्वतःच्या वर्तनावर स्वतःची हरकतही नोंदवली. त्यांना मेमो मिळाला. पुढची दोन वर्षं ते तो मेमो टेबलाच्या काचेखाली ठेवून काम करायचे.

"आणि माप?" मी दारातून विचारलं.

"छातीत बरोबर. पण बाही एक इंच लांब." मग पेनाला टोपण लावत, "माया भरपूर सोडलीय हो. बायको म्हणाली, कोणी शिवलाय?"

भोईर अकराच्या सुमाराला कारखान्यात परत आला. जागेवर बसला, सुईत दोरा ओवला. मी स्टूल ओढून शेजारी बसलो.

"भोईर, काल मी तुझं नाव घेतलं."

"घेतलाव."

"छातीशी धरल्याचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं."

त्याने बटन दोऱ्यात ओवलं. "धरला व्हता म्हनून सांगितलाव." दोन टाके घातले. "मास्तर, तुमी सरकारी मानूस. घाबरनार. मना त्याचा काय नाय. पन तुमी मना एकदा इचारला असता, का धरलास. ता नाय इचारला."

"का धरला होतास?"

"बटना सरल लायनीत हायेत का बगत व्हतो. चष्मा फुटलाय माझा. लांबशी नाय दिसत."

मी त्याच दिवशी चष्म्याचा अर्ज लिहिला. चष्मा यायला चार महिने लागले. फर्लो त्याआधी मिळाली. तो लग्नाला गेला, ठरल्या दिवशी परत आला, आणि मांडवात जावयाच्या कोटाचं काज कसं वाईट होतं ते आम्हाला आठवडाभर ऐकवत राहिला.

गॅदरिंगला मी बायकोला घेऊन गेलो. सोमवारी कारखान्यात पाय टाकला तर एकही मशीन चालू नाही. तीसच्या तीस जण माझी वाट बघत. घोरपडे साहेब फाईल चाळत दारात उभे, पण पान उलटत नव्हते.

"सांगा मास्तर. पहिल्यापासून."

मी सांगितलं. पडदा उघडला. बारा चोर पोती घेऊन आले. टाळ्या. मग बारा पोलीस शिट्टी वाजवत आले. त्यांनी चोरांना पकडायचं, असं बाईंनी बसवलेलं. पण दिवे एकदम मोठे लागले, समोर एवढी माणसं, आणि एक चोर रडायला लागला. त्याला बघून एक पोलीस. मग दुसरा. बाई विंगेतून ओरडतायत, "पकडा, पकडा!" कोणी ऐकेना. एका चोराने पोतं टाकलं आणि स्टेजवरून उडी मारली. त्याच्या मागून पोलीस.

"पकडला?" कोणीतरी विचारलं.

"नाही रे. तो चोर त्याच्या आईकडे गेला, पोलीस त्याच्या आईकडे. दोन मिनिटांत स्टेज रिकामं. चोवीसच्या चोवीस पोरं आयांच्या मांडीवर."

कारखान्यात कोणी हसलं नाही. भोईर दोऱ्याची गाठ मारत होता, त्याचा हात थांबला. मोरे हवालदार खिडकीबाहेर बघू लागले.

सुहासरावांनी विचारलं, "म्हणजे शेवटपर्यंत कोणीच पकडलं गेलं नाही?"

"नाही."

"आणि सगळे आपापल्या घरी?"

"सगळे."

"मग बाईंना सांगा," सुहासराव मशीनवर बसत म्हणाले, "फार छान बसवलंय नाटक."